मोडी लिपी : अक्षरं येतात पण घरचा जुना कागद वाचता येत नाही, पुढे काय करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

वय ४७, पिंपरीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. इतिहासाशी संबंध दहावीपर्यंतच आला. मोडी शिकायला घेतली ती घरच्या कागदांमुळे. सातारा जिल्ह्यात माझं माहेर, तिथे माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत खरेदीखतं, कर्जरोखे, थोडी पत्रं असा गठ्ठा आहे, सगळं मोडीत. २०२३ ला कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गावात घरोघरी असले कागद बाहेर निघाले आणि मोडी वाचणारा माणूस काही मिळेना, जो होता त्याच्या दारात ही गर्दी. मला दाखल्यासाठी वगैरे नकोय. वडील ८१ वर्षांचे आहेत, त्यांच्या आजोबांच्या नावचे हे कागद आहेत आणि ते मला त्यांना स्वतः वाचून दाखवायचेत. पैसे देऊन लिप्यंतर करून मिळतं ते माहितीय, पण मला ते तसं नकोय.

आता अडलंय कुठे ते सांगते. मुळाक्षरं, बाराखडी झाली, रोज रात्री जेवणं आटोपली की अर्धा तास बसते. पुस्तकातली छापील मोडी बऱ्यापैकी वाचते, मोबाईलवर मोडी फॉन्टमध्ये कोणी काही टाकलं तर तेही. पण खरा कागद समोर घेतला की पहिल्या ओळीतच थांबायला होतं. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढलीय आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत गेलेत, दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, वेलांटी ऱ्हस्व का दीर्घ ते कळायला मार्ग नाही, आणि कारकुनाने हात न उचलता असं भरभर लिहिलंय की एका अक्षराचा काना कुठे संपला आणि पुढचं अक्षर कुठे सुरू झालं तेच समजत नाही. एकच गोष्ट लगेच ओळखता आली, खाली डाव्या बाजूला शाईने काढलेला बोटाच्या पेराएवढा नांगर. सही येत नसलेला शेतकरी नांगर काढायचा एवढं माहीत होतं, म्हणजे तो पणजोबांनीच काढला असणार. त्या नांगरावर मी किती वेळ बोट ठेवून बसले होते.

तर ज्यांनी नोकरी सांभाळून, चाळिशीनंतर मोडी शिकलीय त्यांना विचारायचंय की छापील अक्षरांवरून हाताच्या अक्षरावर तुम्ही कसे आलात? नुसतं वाचत राहायचं का लिहायचाही सराव लागतो? आणि घरचाच कागद घेऊन बसावं का आधी दुसरं काही सोपं वाचावं? क्लास शनिवार-रविवारी असेल तरच जमेल.

घाटमाथा :
ताई, तुम्ही अडलाय तिथे सगळेच अडतात, मीपण निवृत्तीनंतर शिकलो आणि इथेच बरेच महिने गेले. अक्षर अक्षर लावत बसू नका. खरेदीखताचा साचा ठरलेला असतो तो आधी बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, पाठ करा. वर शके, संवत्सर, महिना, तिथी, मग लिहून घेणार अमुक, लिहून देणार अमुक, कारणे खरेदीखत लिहून दिले ऐसाजे, मग जमिनीच्या चतुःसीमा पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस, मग रुपये, शेवटी साक्षी. थोडंफार इकडेतिकडे होतं पण क्रम साधारण हाच. पुढे काय येणार हे माहीत असलं की डोळा तो शब्द शोधतो आणि सापडतो. पत्रांचंही तसंच, साष्टांग नमस्कार विनंती विशेष इथून सुरू आणि लोभ असावा हे विनंती इथे शेवट.

तुमच्या कागदात तर नांगरच हाताशी आहे. त्याच्या आसपास निशाणी, नांगर आणि पणजोबांचं पूर्ण नाव असणार. नाव तुम्हाला माहीत आहे, म्हणजे त्या कारकुनाच्या हातची दहाबारा अक्षरं तिथेच मिळाली! मोबाईलवर फोटो मोठा करून ती अक्षरं एकेक करून वहीत उतरवा, त्या हाताची वेगळी बाराखडी तयार करा. गावाचं नाव, शिवेवरच्या गावांची नावं, भावकीची आडनावं यांनी आणखी भर पडेल. एका वेळी एकाच हातचे कागद घ्या, हात बदलला की पुन्हा वेळ लागतो.

आणि लिहायचंच. रेघ आधी ओढून, तिरका काप दिलेल्या टाकाने, हात न उचलता. काना खालून वर कसा वळतो आणि पुढच्या अक्षराला कसा भिडतो ते स्वतः लिहिल्याशिवाय कळत नाही, माझं वाचन खरं सुधारलं ते लिहायला लागल्यावरच.

सालाचा आकडा पुसट असेल तर संवत्सराचं नाव बघा. साठ वर्षांनी तेच नाव परत येतं, त्यामुळे व्ययनाम संवत्सर दिसलं आणि शकाचा शेवटचा आकडा लागत नसला तरी १८०८ च असणार हे ताडता येतं, त्यात ७८ मिळवा की इसवी सन १८८६.

एक कळकळीची विनंती, कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. चांगल्या हेतूने केलेल्या लॅमिनेशनने वाया गेलेले कागद मी पाहिलेत, बघवत नाहीत. दिवसाउजेडी खिडकीजवळ फोटो काढा आणि कागद परत घडीवर घडी न घालता सपाट ठेवा.

सदाशिव_३० :
पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात, तुम्हाला पिंपरीहून जमण्यासारखं आहे, वेळा मात्र तिथे विचारून घ्या. वर्गाचा खरा फायदा असा की दहा जण एकच कागद घेऊन बसतात, तुम्हाला न लागलेला शब्द शेजारच्याला लागतो.

धागाकर्ती :
घाटमाथा काका, काय सांगू तुम्हाला! काल नांगराशेजारचं नाव लागलं, आणि त्यातल्या अक्षरांवरून वर 'लिहून देणार' सापडलं. म्हणजे पणजोबांनी जमीन घेतली नव्हती, विकली होती. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले ओढ्याकाठची असेल, आता चतुःसीमा लावायला घेतलीय. अजून एक विचारते, रकमेत ४५ च्या पुढे दोन उभ्या रेघा आहेत, तो पूर्णविरामासारखा दंड आहे का?

घाटमाथा :
दंड नाही, ते आठ आणे. एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. साडेपंचेचाळीस रुपये झाले. चतुःसीमेत पूर्वेस ओढा आहे का बघा आणि इथे कळवा.