बेपत्ता वारसाची प्रोबेटची जाहीर नोटीस कोणत्या पेपरात द्यावी?

प्रश्न
दारव्हा तालुक्यातील माझ्या काकांनी नोंदणीकृत मृत्युपत्रात मला एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) नेमले. शेतीसोबत बँकेत मुदत ठेव असून बँक प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला) मागत असल्याने यवतमाळच्या न्यायालयात अर्ज केला आहे. काकांचा थोरला मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात गेला, तो धाकट्या बहिणीच्या लग्नालाही आला नाही. त्याची नोटीस ‘दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा होऊन परत आली. यवतमाळच्या दैनिकात जाहीर नोटीस दिली तर पुरेल काय?

उत्तर १
माझ्या मते पुरणार नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 283 नुसार सर्व हितसंबंधीयांसाठी निघणारे सायटेशन (हजर राहण्याचे न्यायालयाचे बोलावणे) न्यायालयात व जिल्हाधिकारी कार्यालयात लावले जाते आणि इतर प्रकारेही प्रसिद्ध होते. पण ज्याचे नाव माहीत आहे आणि ठावठिकाणा तेवढा माहीत नाही, त्याच्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5, नियम 20 खाली वेगळा अर्ज करून न्यायालयाची परवानगी घ्यावी. त्याच नियमाप्रमाणे नोटीस अशा दैनिकात द्यावी लागते, जे संबंधित व्यक्ती शेवटी जिथे प्रत्यक्ष राहत होती त्या भागात खपते. जमीन दारव्ह्यात असली तरी माणूस सुरतेचा झाला होता, म्हणून तिथे खपणारे गुजराती दैनिक मागा. यवतमाळचा पेपर नातलगांच्या कानावर जावे म्हणून जोडीला ठेवता येईल.

नुसत्या परत आलेल्या पाकिटावर न्यायाधीशांचे समाधान होईलच असे नाही. कारखान्यात, खोलीमालकाकडे व सोबत गेलेल्या गाववाल्यांकडे केलेली चौकशी शपथपत्रात लिहा.

उत्तर २
मजकुराकडेही लक्ष द्या. गावात ज्याला सगळे बंडू म्हणतात त्याचे शाळेच्या दाखल्यावर भलतेच नाव असते, म्हणून ‘ऊर्फ’ लावून दोन्ही नावे, वडिलांचे नाव, मूळ गाव आणि पुढची तारीख द्यावी. छापून आल्यावर नुसते कात्रण जपू नका, तारखेसह पूर्ण अंक दाखल करा. स्वस्त पडतो म्हणून कोणी न वाचणारा पेपर निवडण्याची आपल्याकडे फार खोड आहे.

ज्या बहिणींचे पत्ते माहीत आहेत, त्यांना मात्र रीतसर नोटीसच बजावावी. त्यांच्या बाबतीत पेपरातल्या नोटिशीवर भागवणे मला धोक्याचे वाटते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. तो उद्या परत आला तर प्रोबेट रद्द होईल काय?

उत्तर १
केवळ परत आला म्हणून नाही. ज्यांना बोलावणे आवश्यक होते त्यांना न बोलावता प्रोबेट दिले गेले, हे मात्र कलम 263 खाली ते रद्द करण्याचे कारण ठरू शकते. तसेच सात वर्षे त्याची खबर नसेल तर मृत्यूचे अनुमान काढता येते, पण ते आपोआप लागू होत नाही. ज्यांना त्याची खबर मिळायला हवी होती, अशा लोकांच्या साक्षीने ते मांडावे लागते. तोवर त्याला हयात वारस धरूनच अर्जात दाखवा.