भांडणाचा प्रसंग रडारड न होता कसा उभा करायचा?

पटकथापिसाट:
लघुपट लिहितोय. दोन पात्रं, एक खोली. वडील गेल्यावर घर विकायचं की ठेवायचं यावरून भाऊ-बहीण भांडतात. कागदावर धारदार वाटलेले संवाद वाचनाच्या वेळी नुसता आरडाओरडा वाटले. बहीण म्हणते, "बाबांच्या आजारपणात तू फिरकलाच नाहीस, म्हणून मला तुझा राग येतो." मग ती रडते. दिग्दर्शक मित्र म्हणतो, चिंता नको, क्लोज-अप घेऊ आणि खाली व्हायोलिन टाकू. मला पटत नाहीये, पण दुसरं काही सुचतही नाहीये.

कातरकाम:
मी संकलन करतो, तेव्हा मत एडिट टेबलावरचं आहे असं धरून चाला.

"म्हणून मला तुझा राग येतो" हे आधी उडवा. राग दिसतोच आहे, वर्दी कशाला द्यायची? तिच्या हातांना काम द्या. ती खोकी भरतेय. भाऊ विचारतो, "हे औषधांचं खोकं कुठे ठेवू?" ती मान वर न करता म्हणते, "टाकून दे. तुला कुठे माहितीये त्यात काय आहे." आणि चिकटपट्टी ओढते. भांडण घरावरून चाललंय, दुखणं त्या खोक्यात आहे.

आता क्लोज-अप. तो हुकमाचा पत्ता आहे, दुसऱ्याच मिनिटाला टाकलात तर शेवटी हातात काय उरणार? सिडनी ल्युमेटचा १९५७चा '१२ अँग्री मेन' पाहा, जवळजवळ सगळा एकाच खोलीत घडतो. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर, मग पातळीवर, शेवटी खाली. लेन्सही हळूहळू लांब फोकल लेंग्थच्या, म्हणजे दूरचं जवळ ओढणाऱ्या, होत जातात. भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात, छत दिसायला लागतं, आणि आपल्याला का कोंडतंय ते कळत नाही. सगळे बाहेर पडले की एकदम वाइड, म्हणजे दूरून मोकळा शॉट. त्यासाठी पैसे लागत नाहीत, आधी ठरवावं मात्र लागतं.

आणि कृपा करून ऐकणाऱ्याचा चेहरा शूट करा, अख्ख्या प्रसंगभर! टेबलावर येणाऱ्या फुटेजमध्ये नेमकं हेच नसतं. जो बोलतो त्याच्यावर कॅमेरा, की झालं. बहिणीचं वाक्य अर्ध्यात असताना भावावर कट करून तिचा आवाज तसाच चालू ठेवला, तर तिचे शब्द त्याला कुठे लागतात ते दिसतं. संवाद संपल्याबरोबर 'कट' ओरडू नका. नटांची पाठ केलेली वाक्यं संपल्यावर जे घडतं ते बहुतेक वेळा कामाचं असतं. नजर खाली जाते, कोणीतरी उगाच घसा खाकरतो. मला ते द्या, मी प्रसंग वाचवतो.

पडद्यामागे:
व्हायोलिनवर एवढा राग का? मेलोड्रामा म्हणजे शिवी नाही. प्रश्न एवढाच की संगीत कधी येतं. भावना पोचायच्या आधी आलं तर प्रेक्षकाला ढकलल्यासारखं होतं, नंतर आलं तर चालतं. जपानी दिग्दर्शक ओझूच्या 'टोकियो स्टोरी'त (१९५३) कॅमेरा जमिनीलगत, बहुतेक वेळ स्थिर. प्रसंग संपला की मध्येच रिकामी खोली किंवा बाहेरचं दृश्य येतं, आणि तेवढ्यात माणूस सावरतो. व्हायोलिन अशा एखाद्या रिकाम्या शॉटवर टाकून बघा.

माइकधारी:
चिकटपट्टी संवादावर ओढू नका, वाक्य गेलंच समजा. दोन वाक्यांच्या मधे ओढा, नाहीतर तो आवाज वेगळा रेकॉर्ड करा. निघायच्या आधी सगळ्यांना गप्प बसवून त्याच खोलीचा अर्धा-एक मिनिट रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, रेकॉर्ड करून घ्या. तुमच्या प्रसंगात शांतता भरपूर असणार. तो नसला की प्रत्येक कटला शांततेला भोक पडतं.

पटकथापिसाट:
औषधांचं खोकं घेतलं! पण अभिनेत्रीला तो रडण्याचा प्रसंग हवाच आहे. त्यासाठीच ती तयार झालीये.

कातरकाम:
तिला दोन्ही टेक द्या. पहिल्यात मनसोक्त रडू दे. दुसऱ्यात एकच सूचना, भावाला रडू दिसता कामा नये. डोळे तोवर लाल झालेले असतील, नाक चोंदलेलं असेल, आणि ती ते लपवत पट्टी लावत बसेल. मी बहुधा दुसरा वापरेन. फक्त हे दिवसाच्या शेवटी ठेवा. त्यानंतर प्रसंगाच्या सुरुवातीचे शॉट घ्यायला गेलात तर कंटिन्युइटी (शॉटमागून शॉटचा मेळ) बोंबलेल.