युकाता नेसवायला माणशी वीस मिनिटं जाताहेत, रांग कशी आवरायची? (मदत हवी आहे)

रेशीमकिडा
शनिवार-रविवार आमच्या भागातल्या महोत्सवात (पुणे) जपानी संस्कृतीचा स्टॉल आहे. क्लासतर्फे आम्ही चौघं स्वयंसेवक. एक ओरिगामीचं टेबल आणि एक 'युकाता (उन्हाळी सुती किमोनो) घाला, फोटो काढा' कोपरा. तालीम केली तर एकीला नेसवायला वीस मिनिटं, आणि फोटो होईपर्यंत मागची गाठ गळाली. यूट्यूबच्या लिंका देऊ नका, बघून झाल्यात. भराभर कसं नेसवायचं तेवढं सांगा. अर्जंट.

टाकाटीप
युकाता किती? बायकांचे किती, पुरुषांचे किती? ओबी (कमरेचे पट्टे) कुठले? स्वतःच्या कपड्यांवरून नेसवताय की बदलायला आडोसा आहे?

रेशीमकिडा
सहा. चार लेडीज, दोन जेन्ट्स. ओबी नेहमीचेच. कपड्यांवरूनच, मैदानात आडोसा कुठून आणू?

निशिकासाईकर
'नेहमीचे' म्हणजे हानहाबा (अर्ध्या रुंदीचे साधे ओबी) का? पॉलिस्टर साटिनचे गुळगुळीत असतील तर गाठ सुटणारच, त्यात तुमचा दोष नाही. आणि साडीवरून नेसवणार आहात का? निऱ्यांचा गठ्ठा पोटाशी येतो, ओबी त्यावर बसत नाही. 'कुर्ता-लेगिंग किंवा टी-शर्ट-पँट असेल तरच' अशी पाटी लावा. ओढणी काढून ठेवायची, फुल बाह्या वर सारायच्या.

रेशीमकिडा
हो, साटिनचेच. क्लासचे आहेत, नवे घ्यायला बजेट नाही.

टाकाटीप
मग ऐका. वेळ दोन गोष्टी खातात: बायकांच्या युकाताची कमरेवरची दुमड (ओहाशोरी) आणि ओबीची गाठ. दोन्ही शुक्रवारी घरी बसून उरका.

दुमड: बायकांचा युकाता साधारण नेसणारीच्या उंचीइतका लांब असतो, जास्तीचं कापड कमरेशी वर घेतात. चारपैकी दोन युकाता १५० सेंटिमीटर उंचीला घोट्यापर्यंत येतील असे आणि दोन १६० ला येतील असे दुमडून आतून धावदोरा घाला. टाके सेंटिमीटरभर लांब, दोरा सुती, म्हणजे नंतर उसवताना कापड ओढलं जात नाही. दुमडीची खालची कड ओबीच्या खाली चार बोटं दिसली पाहिजे, तेवढी खाली घ्या. पुरुषांच्या युकाताला ही दुमड नसतेच, तिथे काही करायचं नाही.

ओबी: गाठ मारूच नका. टेलरकडून पट्टे शिवून घ्या. रुंदी १५ सेंटिमीटर, लांबी सव्वा मीटर, आत बकरम. एका टोकाला आतल्या बाजूने १० सेंटिमीटर काटेरी वेल्क्रो, दुसऱ्या टोकाला बाहेरच्या बाजूने ५० सेंटिमीटर मऊ वेल्क्रो. ७५ ते ११५ पर्यंत कुठलीही कंबर बसते. जोड पाठीमागे ठेवायचा. वर तुमच्याच साटिनच्या ओबीचा फुलपाखरासारखा बो शिवून, मध्ये बाइंडिंग वायरचा यू आकाराचा आकडा लावा आणि तो पट्ट्यात वरून खोचा. वेल्क्रो झाकला जातो. वायरची टोकं वळवून चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर पाठीला टोचेल.

सेन्सेई_नाही
वेल्क्रो? मग गाऊनच घाला की. बुन्को गाठ (फुलपाखरासारखी) सराव असेल तर तीन मिनिटांत होते. संस्कृती दाखवायची आहे की फॅन्सी ड्रेस करायचाय?

निशिकासाईकर
तयार गाठीचे त्सुके-ओबी जपानात दुकानात सर्रास मिळतात. आतषबाजी बघायला जाणाऱ्या कितीतरी मुली तेच लावून जातात. तिथे चालतं आणि पुण्यात बाटतं का?

सेन्सेई_नाही
मिळतात म्हणून शिकवू नये. बरं, गाठच मारायची असेल तर ती गळते का ते तरी समजून घ्या. ओबीचे दोन वेढे घेतात. प्रत्येक वेढ्यानंतर *खालच्या* कडेने खेचायचं. सगळे वरची कड खेचतात, त्याने छाती आवळते आणि खाली पट्टा सैलच राहतो. साटिन घसरू नये म्हणून गाठीखाली सुती रुमालाची घडी खोचा. कमरेची दोरी (कोशिहिमो) नायलॉनची नको, सुती हवी. आणि पुरुषांचा ओबी पोटावर बांधू नका, पोटाखाली कटीच्या हाडावर, पुढून खाली आणि मागून थोडा वर.

टाकाटीप
हे सगळं बरोबर आहे, फक्त बाहेर तीस माणसं उभी असताना करायचं नाही.

फुदेवाली
माझं ऐकाल तर युकाताच्या रांगेलाच काम द्या. तीच माणसं रांगेत कंटाळतात. एक टेबल टाका आणि काताकाना लिपीत (जपानीत परदेशी नावं हिच्यात लिहितात) नाव लिहून द्या. एका नावाला मिनिट पुरतं. हानशी (सुलेखनाचा पातळ) कागद परवडत नसेल तर जाड कार्डाच्या पट्ट्या आणि ब्रशपेन. खरी सुमी शाई मुलांच्या हातात देऊ नका, ती काजळी आणि सरसाची असते, कपड्यावरून जात नाही. युकाताच्या शेजारी तर मुळीच नको.

उभं लिहिताना सगळ्यांचं हमखास चुकतं ते दीर्घ स्वराची रेघ. आडव्या लिखाणात ती आडवी असते, उभ्यात *उभी* करायची. आणि 'शि' व 'त्सु': शि च्या रेघा डावीकडे एका ओळीत आणि शेवटचा फटकारा खालून वर; त्सु च्या वरती एका ओळीत आणि फटकारा वरून खाली. 'न्' आणि 'सो' चंही तसंच.

ओळखीचा_अनोळखी
ज्ञानेश्वर कसं लिहाल? इंग्रजी स्पेलिंग बघून कुणीतरी 'जुनानेशुवारु' लिहिलेलं पाहिलंय.

फुदेवाली
स्पेलिंग बघायचंच नाही, माणसाच्या तोंडून ऐकायचं. 'दोन्यानेशुवारु'.

सेन्सेई_नाही
'ग्यानेशुवारु' जास्त सोपं.

फुदेवाली
हिंदी भाषकांना लिहून द्या मग. हा मराठी माणूस आहे.

पेठेतला
फोटोच काढायचे तर पु. ल. देशपांडे उद्यानात जा. सिंहगड रोडवर, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय. पूल, पाणी, हिरवळ सगळं आहे. सकाळी उजेड छान असतो.

रेशीमकिडा
स्टॉल मैदानावर आहे हो. बाग तिथे कशी आणू?

मोदक_ते_ओनिगिरी
खायला काय ठेवताय? खाण्याशिवाय गर्दी होत नाही. इंद्रायणी तांदळाचे ओनिगिरी (भाताचे वळलेले गोळे) उत्तम होतात, भात चिकट होतो. मिसो सूप ठेवणार असाल तर पाकिटातल्या दाशीत (सूपच्या अर्कात) बहुतेक वेळा बोनितो मासा असतो, 'व्हेज' लिहून विकू नका. कोम्बू (वाळकं समुद्री शेवाळ) आणि वाळक्या शिताके मशरूमचं पाणी काढा: लिटरला १० ग्रॅम कोम्बू, चार-पाच शिताके, रात्रभर भिजत. मिरिन (स्वयंपाकातली गोड राइस वाइन) घालाल तर त्यात अल्कोहोल असतं, तेही सांगावं लागेल.

टाकाटीप
खाणं कुणी विचारलं नाही. सोया सॉस आणि भाड्याचे युकाता एका मांडवात नकोत.

रेशीमकिडा
भाड्याचे नाहीत, क्लासचे आहेत. लिहिलंय वर.

हाप्पी_गो_लकी
युकाताच कशाला? हाप्पी कोट घाला. मात्सुरीत (जपानी जत्रेत) मिकोशी म्हणजे देवाची पालखी उचलणारे तेच घालतात, म्हणजे उत्सवाला उलट जास्त शोभतं. आखूड, पुढून उघडा, कपड्यांवरून अर्ध्या मिनिटात चढतो. ४४ इंची पन्ह्याचं सुती कापड एका कोटाला अडीच मीटर. कपाळाला हाचिमाकी पट्टी बांधली की झालं. साडीवरूनही चालतो, लहान-थोर सगळ्यांना होतो.

निशिकासाईकर
हे खरंच चांगलं आहे. युकाता चार ठेवा, बाकी रांग हाप्पीकडे वळवा. पुरुष तर आनंदाने जातील.

एक महत्त्वाचं कुणीच सांगितलं नाही. नेसवताना उजवा पदर आधी अंगाला, डावा वरून. उलटं फक्त प्रेताला नेसवतात. पाहुणे भराभर स्वतःच घ्यायला जातात आणि उलटं करतात, म्हणून पदर नेसवणाऱ्याच्याच हातात ठेवा. आणि सेल्फी कॅमेरा चित्र आरशासारखं उलटं दाखवतो, काही फोन तसंच सेव्ह करतात. युकाता बरोबर असूनही फोटोत चुकीचा दिसतो, मग खाली कुणीतरी ज्ञान पाजळतं. मागच्या कॅमेऱ्यानेच काढा.

टाकाटीप
गळा सुटतो त्याला: अडीच सेंटिमीटर रुंद इलॅस्टिकला दोन्ही टोकांना सस्पेंडरचे चिमटे लावा. एक चिमटा आतल्या (उजव्या) पदराच्या गळपट्टीला, इलॅस्टिक डाव्या काखेखालच्या फटीतून बाहेर, पाठीवरून उजवीकडे पुढे, दुसरा चिमटा वरच्या पदराला. फोटोत उड्या मारल्या तरी गळा हलत नाही. पुरुषांच्या युकाताला काखेत फट नसते, तिथे हे जमत नाही, दोरीच बांधा.

हिशेब: नेसवणं चार मिनिटं, फोटो दोन, उतरवणं एक. दोघी नेसवत असतील तर तासाला सोळा-सतरा. टोकन देऊन वेळ सांगा, उभं करून ठेवू नका. ओरिगामी आणि फोटोला एकेक माणूस.

रेशीमकिडा
ओके, वेल्क्रो करतोय. बो शिवायला ताई तयार आहे. हाप्पीचं कापड मिळालं तर बघू. ओरिगामीत आम्ही क्रेन (क्रौंच पक्षी) शिकवणार आहोत, ते चालेल ना?

फुदेवाली
क्रेन नको. नवख्याला दहा मिनिटं लागतात आणि चौकोनी घडीवरून पाकळी उघडताना निम्मे अडकतात. काबुतो शिरस्त्राण घ्या. वर्तमानपत्राचं जोडपान चौकोनी कापा, बाजू ५० सेंटिमीटरच्या आसपास आली की मुलांच्या डोक्यावर बसते. ए-फोर कागद जाड असतो, घड्या नीट बसत नाहीत.

रेशीमकिडा
छान. हो, एक राहिलं. स्टॉल संध्याकाळी सहा ते दहा आहे. लाइट एकच आहे, मागच्या कनातीवर. आरसा नाही.

टाकाटीप
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं!

निशिकासाईकर
आरशाची गरज नाही, नेसवणारी समोर असते. पण मागून लाइट आला तर चेहरे काळे येतील. रिंग लाइट किंवा साधा एलईडी कॅमेऱ्याच्या बाजूला, डोक्यापेक्षा थोडा वर लावा. आयोजकांना आजच विचारा, तिथे प्लग पॉइंट किती लांब आहे.

सेन्सेई_नाही
आणि ऑक्टोबरचा घाम. गळपट्टीच्या आत मलमलची पट्टी टाचा, दर तासाला बदला. लिपस्टिक, कुंकू, हळद सगळं तिथेच लागतं. निळे युकाता पहिल्या धुण्यात रंग सोडतात, पांढऱ्याबरोबर भिजवू नका.