हॉस्पिटलच्या लिनॅकवर (पेशंटना रेडिएशन देतात त्या मशीनवर) उंदरांना रेडिएशन द्यायचंय, कोणी केलंय का?

अर्धा_फिजिसिस्ट
नमस्कार मंडळी. मेडिकल फिजिक्समध्ये एमएससी करून आता जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) म्हणून एका लॅबमध्ये लागलोय, नाव नको. तोंडाच्या कॅन्सरवर काम आहे, तंबाखू-गुटख्याने आपल्याकडे काय वाट लावलीय ते वेगळं सांगायला नको. प्लॅन असा की माणसाच्या ट्यूमरच्या पेशी एनओडी-स्किड (प्रतिकारशक्ती नसलेल्या) उंदरांना मागच्या पायाच्या वर कुशीत कातडीखाली टोचायच्या, गाठ साधारण १०० घन मिलीमीटर झाली की चार ग्रुप: काहीच नाही, नुसतं औषध, नुसतं रेडिएशन, आणि दोन्ही. रेडिएशन म्हणजे १० ग्रे (ग्रे हे डोसचं एकक), एकदाच. सर म्हणतात संध्याकाळी पेशंट संपले की ६ एमव्ही लिनॅकवर ५ बाय ५ सेंटीमीटरचं फील्ड लाव, खाली उंदीर ठेव, बीम ऑन कर, झालं. मला मात्र पोटात गोळा आलाय कारण आजवर फक्त माणसांचे प्लॅन केलेत, आणि इथे अख्खा पेशंट २५ ग्रॅमचा, म्हणजे एका कंदी पेढ्याएवढा. भूल कशी द्यायची, उंदीर हलला तर काय, डोस बरोबर पडला हे कळणार कसं? लॅबजवळ गॅमा चेंबर पण आहे, ते वापरू का? प्लीज सांगा, पुढच्या महिन्यात उंदीर येतायत.

डोसबाई
सरांना म्हणावं आधी उंदराऐवजी फिल्म (रेडिएशन पडलं की गडद होणारी) ठेवून बघा. ६ एमव्हीचा जास्तीत जास्त डोस पडतो कातडीखाली दीड सेंटीमीटरवर, माणसाच्या कातडीला वाचवणारी हीच तर गंमत. पण तुझी गाठ सगळी मिळून ६ मिलीमीटरची आणि ती पण कातडीला चिकटून, म्हणजे ती पूर्ण त्या डोसच्या चढणीतच बसणार. मॉनिटरवर १० ग्रे दिसेल आणि गाठीच्या वरच्या भागाला त्याच्या निम्मंही मिळालं नसेल. मिळेल कोणाला, तर पलीकडच्या आतड्यांना. त्यामुळे वर बोलस, म्हणजे शरीरासारख्या पदार्थाचा थर, हवाच, साधारण दीड सेंटीमीटर, आणि खालूनही पाण्यासारखं काहीतरी हवं नाहीतर खालून परत उसळणारं रेडिएशन (बॅकस्कॅटर) मिळत नाही. आमच्याकडे पूर्वी ओल्या गॉजच्या घड्या घालायचे, मी सांगते ते करू नकोस, आत हवा राहते आणि रोज वेगळी जाडी होते.

दुसरं म्हणजे ५ बाय ५ मध्ये अर्धा उंदीर येईल राजा. फील्ड लहान केलंस तरी मेगाव्होल्टच्या कडा काही मिलीमीटर पसरट असतात, माणसात ते चालून जातं, इथे गाठच तेवढी आहे. लिनॅकशिवाय पर्याय नसेल तर ६ एमईव्ही इलेक्ट्रॉन, वर १ सेंटीमीटर बोलस आणि लहान कटआउट (बीमला आकार देणारा साचा) हे मला जास्त पटतं कारण इलेक्ट्रॉन पुढे जाऊन थांबतात. पण लहान कटआउटचा आउटपुट, म्हणजे प्रत्यक्ष किती डोस पडतो तो, टेबलावरून उचलायचा नाही, स्वतः मोजायचा.

खरं तर हे काम २२० केव्हीच्या आसपासच्या छोट्या मशीनचं आहे. जॉन्स हॉपकिन्सला बनलेलं सार्प नाहीतर टोरंटोच्या लोकांच्या कामातून आलेलं एक्स-रॅड. त्यात उंदराचा सीटी तिथल्या तिथे निघतो आणि १ मिलीमीटरचा बीमसुद्धा मिळतो. अर्थात केव्हीमध्ये हाड जास्त डोस खातं, मेंदूचं काम करणाऱ्याला ते विसरून चालत नाही. गॅमा चेंबर विसर, ते सॅम्पलसाठी असतं, आत ठेवला की अख्खा उंदीर भाजून निघतो.

पेट्रीडिश
थांबा थांबा, बीमचं नंतर बघू. स्किड उंदीर???

अरे भावा, स्किड म्हणजे नुसता प्रतिकारशक्ती नसलेला उंदीर नव्हे. १९८३ मध्ये फिलाडेल्फियात फॉक्स चेस सेंटरला हे उंदीर सापडले, आणि पुढे कळलं की त्यांच्यात डीएनए-पीके नावाचं प्रोटीन बिघडलेलं असतं. टी आणि बी या प्रतिकारशक्तीच्या पेशी बनायला ते लागतं म्हणून त्या बनत नाहीत, पण तेच प्रोटीन डीएनएचे दोन्ही धागे तुटले की जोडायलाही लागतं. आणि रेडिएशन नेमकं तेच धागे तोडतं! म्हणजे तू असा पेशंट निवडलायस ज्याच्या अंगात शिवायला दोराच नाही. गाठीच्या पेशी माणसाच्या, त्या ठीक, पण गाठीतल्या रक्तवाहिन्या उंदराच्या, कातडी उंदराची, शेजारचं आतडं उंदराचं. एनएसजी (स्किडचेच भाऊबंद) उंदरांना माणसाच्या स्टेम सेल टाकण्याआधी पूर्ण अंगाला १ ते २.५ ग्रेच देतात, त्यावरून अंदाज घे. डोसबाई म्हणतायत तशा कडा पसरल्या तर तुझे उंदीर ट्यूमरने नाही, जुलाबाने जातील, आणि पेपरमध्ये औषध विषारी निघालं असं छापून येईल.

न्यूड (केस नसलेले) उंदीर घे, त्यांची थायमस, म्हणजे टी पेशी तयार होतात ती ग्रंथी, नसते पण डीएनए दुरुस्ती शाबूत असते. आणि मुळात औषधाचा इम्युनिटीशी काही संबंध असेल तर माणसाच्या पेशींचा हट्टच सोड, एमओसी१ किंवा एमओसी२ या उंदराच्याच तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी आहेत, साध्या काळ्या सी५७ उंदरात वाढतात. बाल्ब-सी वापरणाऱ्यांनी पण ऐका, त्या पांढऱ्या उंदरातही हेच प्रोटीन थोडं कमजोर असतं, तेव्हा दोन जातींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

पिंजरा_नंबर_९
अ‍ॅनिमल हाऊसमधून लिहितोय. भूल आयसोफ्लुरेनची, पण सोबत शुद्ध ऑक्सिजन देणार की साधी हवा ते आधी ठरवा आणि शेवटच्या उंदरापर्यंत तेच ठेवा. ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला अडीच-तीन पट डोस लागतो, त्यामुळे सिलिंडर बदलला की रिझल्ट बदलतो. उंदीर हलू नये म्हणून पोरं गाठीवरूनच टेप ओढून लावतात, गाठ पांढरी पडते, रक्त थांबतं, आणि मग विचारतात ट्यूमर रेझिस्टंट कसा. टेप पायाला आणि शेपटीला लावा. खाली हीटिंग पॅड हवा, लिनॅकच्या रूमचा एसी पेशंटला बरा वाटतो, भूल दिलेला न्यूड उंदीर दहा मिनिटांत गार पडतो.

आणि कागद! उंदीर हॉस्पिटलच्या रूममध्ये न्यायचं फॉर्म बी मध्ये (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीच्या अर्जात) लिहिलंय का? नसेल तर एथिक्स कमिटीकडे अमेंडमेंट आधी, उंदीर नंतर. एकदा बाहेर गेलेला पिंजरा मी परत त्याच खोलीत घेत नाही, वेगळी जागा सांगून ठेवा. हॉस्पिटलवाल्यांनाही लेखी विचारा, टेबलावर उद्या केमो चालू असलेला माणूस झोपणार आहे.

नगरचा_बाळू
मी तुमच्यातला नाही, वडिलांच्या जबड्याच्या रेडिएशनसाठी ३३ दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसलोय म्हणून वाचतोय. एक अडाणी प्रश्न. माणसाला रोज २-२ ग्रे देतात आणि उंदराला एका दणक्यात १०, मग त्यावरून माणसाचं काय कळणार? शिवाय उंदरांचे कॅन्सर तर दर आठवड्याला पेपरात बरे होतात.

पेट्रीडिश
बाळूदादा, अडाणी कसला, गाईडने विचारायला हवा होता तो प्रश्न तुम्ही विचारलात.

रोज थोडं थोडं द्यायची कल्पना पण जनावरावरूनच आलीय. १९२० च्या दशकात पॅरिसला क्लॉद रेगो यांनी मेंढ्यांच्या वृषणांवर करून बघितलं, एकदम दिलं तर कातडी जळते, विभागून दिलं तर मेंढा नापीक होतो आणि कातडी टिकते. तुमच्या वडिलांचे ३३ दिवस त्या मेंढ्यांपर्यंत जाऊन पोचतात. उंदराला मात्र प्रत्येक वेळी भूल लागते, ३३ वेळा भूल दिली तर तो भुलीनेच जाईल, म्हणून लोक ३ किंवा ५ वेळा देतात. आणि फरक पडतो बरं का. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रुपने उंदरात दाखवलं की अँटी-सीटीएलए४ या इम्युनिटी वाढवणाऱ्या औषधासोबत ८ ग्रे तीनदा दिले तर रेडिएशन न दिलेली दुसरी गाठही आक्रसते, २० ग्रे एकदम दिले तर तसं होत नाही.

बरे होतात त्याचं म्हणाल तर बरोबर आहे. मिसोनिडॅझोल हे रेडिएशनचा परिणाम वाढवणारं औषध उंदरात भारी चाललं, माणसात त्या डोसला पोचायच्या आत हातापायाच्या नसा खराब व्हायला लागल्या. त्याचाच कमी त्रासाचा भाऊ निमोरॅझोल डेन्मार्कमध्ये घशाच्या कॅन्सरला वापरतात, म्हणजे सगळंच वाया गेलं असंही नाही. आणि आकाराचा हिशोब बघा, २५ ग्रॅमच्या उंदराला १ ग्रॅमची गाठ म्हणजे ६० किलोच्या माणसाला २ किलो ४०० ग्रॅमची. एवढी घेऊन कोणी ओपीडीत येत नाही.

अर्धा_फिजिसिस्ट
अपडेट देतो. मेणाचा उंदीर बनवला, ५० एमएलच्या ट्यूबमध्ये ओतून, मधोमध उभा चिरला आणि फिल्मची पट्टी घातली. ६ एमव्ही, बोलस न लावता. दुसऱ्या दिवशी स्कॅन केली तर वरच्या कडेला पट्टी फिकट हिरवी आणि खाली जावं तशी गडद, डोसबाई म्हणाल्या अगदी तस्संच. सरांच्या टेबलावर ठेवली, काही बोललो नाही. ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले इलेक्ट्रॉनची पण काढ. स्किडची ऑर्डर थांबवलीय, न्यूड आठ आठवडे उशिरा येणार, १० ग्रे एकदाच ऐवजी ८ ग्रे तीनदा, अमेंडमेंट उद्या जाईल. फेलोशिपच्या रिव्ह्यूत काय सांगायचं ते बघू.

डोसबाई
शाब्बास. फिल्मवर तारीख आणि वर कुठली बाजू ते पेनाने लिही, मी एकदा उलटी वाचली होती. आणि गाठ मोजायचा कॅलिपर शेवटपर्यंत एकाच माणसाच्या हातात, ज्याला कुठला उंदीर कुठल्या ग्रुपचा हे माहीत नाही. गाठीच्या आकारमानाच्या फॉर्म्युल्यात रुंदीचा वर्ग होतो, अर्धा मिलीमीटर जास्त दाबलास की औषध चाललं असं वाटतं.