ते गाणं एल्विसच्या आधीचं आहे
'ऑल्वेज ऑन माय माइंड' हे गाणं एल्विस प्रेस्लीने बायको प्रिसिलासाठी खास लिहून घेतलं, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. ते काही खरं नाही. दोघं वेगळी झाल्यावर थोड्याच आठवड्यांत, मार्च १९७२ मध्ये त्याने ते रेकॉर्ड केलं, म्हणून ही समजूत पसरली. पण त्याची रेकॉर्ड बाजारात यायच्या आधीच गायिका ग्वेन मॅक्रेची आली होती.

या चर्चेत रेकॉर्ड निर्माता चिप्स मोमनचं नाव कुठेच आलं नाही, याचं वाईट वाटतं. मूळ गीतकार वेन कार्सनने गाणं मेम्फिसला मोमनच्या स्टुडिओत नेलं, तेव्हा मोमनने त्याला सांगितलं की मध्ये चाल बदलणारा एक तुकडा हवा. मग जॉनी ख्रिस्तोफर आणि मार्क जेम्स या गीतकारांच्या मदतीने तो झाला. मला तर त्या मधल्या तुकड्यातल्या विनवणीशिवाय हे गाणं कल्पनेतही ऐकवत नाही. १९८२ चं कंट्री गायक विली नेल्सनचं, ग्रॅमी मिळवणारं रेकॉर्डिंगही मोमननेच केलं. एल्विस पूर्ण ताकदीने गातो. विली जवळ बसून बोलल्यासारखं गातो, आणि पश्चात्तापाच्या गाण्याला तेच जास्त शोभतं. पेट शॉप बॉइज या ब्रिटिश पॉप जोडीचं १९८७ चं नाचरं रूपही जरूर ऐका.