बादलीतलं पाणी २७.४, इन्फ्रारेड गन २६.६. कोणाचं धरायचं?

दर्यावेडा: परवा रात्री बोटीवर होतो. आभाळ निरभ्र, वारा बेताचा. बादलीने पाणी वर घेऊन लगेच थर्मामीटर बुडवला, २७.४ अंश. तिथेच पाण्यावर इन्फ्रारेड गन धरली तर २६.६. पाच वेळा पाहिलं, दर वेळी गन कमीच. एवढी तफावत कशामुळे? आणि कार्बन डायऑक्साइड याच पृष्ठभागातून आत शिरतो ना, मग त्यावर याचा काही परिणाम होतो का?

खारवारा: बादलीत वरचं हातभर पाणी ढवळून येतं. गन जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा पापुद्रा बघते, आणि समुद्राची उष्णता बाहेर पडते ती तिथूनच. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण २५ लाख ज्यूल लागतात. तेवढी उष्णता खालून यायला हवी, पण शेवटच्या मिलिमीटरभरात पाण्याची घुसळण पोचत नाही. तिथे उष्णता रेणूकडून रेणूकडे हळूहळू सरकते, म्हणून वरची साय कायम थोडी गार.

पण हा फरक सहसा ०.२-०.३ अंशांचा असतो. ०.८ मला पटत नाही. हातातल्या गनची चूक सहज अंशभर असते, शिवाय पाण्यात गार आभाळाचं प्रतिबिंबही ती मोजते. तिरकी धरली होती का?

दर्यावेडा: हो, कठड्यावरून तिरकीच! आणि वायूचं?

खारवारा: गार पाण्यात वायू जास्त विरघळतो. ० अंशाला कार्बन डायऑक्साइड २० अंशांच्या जवळजवळ दुप्पट मावतो. त्यामुळे गार साय थोडा जास्त ओढते. मात्र खरा जोर वाऱ्याचा. वारा दुप्पट झाला की देवाणघेवाण साधारण चौपट, कारण हा वायू पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो आणि सगळी कोंडी त्या सायीतच होते. (सगळीकडे तो आतच जातो असंही नाही. विषुववृत्ताजवळच्या पॅसिफिकमध्ये खोलातून वर येणारं पाणी तो बाहेर सोडतं.)

मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. वरच्या थरातला ऑक्सिजन काही आठवड्यांत हवेशी जुळवून घेतो, कार्बन डायऑक्साइडला जवळपास वर्ष लागतं. तो आत गेला की बहुतेक बायकार्बोनेट होऊन बसतो, वायू म्हणून एक टक्काही उरत नाही. नळ तोच, टाकी मात्र कितीतरी मोठी.

निळीशाई: शांत पाण्यावर गुळगुळीत, तेलकट पट्टे दिसतात, तेही बघा. प्लवकांनी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांनी, सोडलेल्या द्रव्यांचा तवंग असतो तो. त्याने बारीक तरंग दबतात आणि वायूंची ये-जा मंदावते. गन धरायची तर पट्ट्याच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे धरा.

दर्यावेडा: पुढच्या अमावास्येला जातोय. या वेळी गन सरळ खाली, बोटीच्या सावलीपासून लांब. आकडे इथेच टाकतो.