'डाउट' आणि 'सस्पेक्ट': शंका कोणती, संशय कोणता?

गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या एका नव्या मुलाने परदेशातल्या क्लायंटला मेल लिहिली: 'आय हॅव सम डाउट्स अबाउट युअर डिझाइन.' त्याला विचारायचं होतं एवढंच, की अमुक फाइल कुठे ठेवायची आणि तमुक बटण दाबल्यावर पुढे काय उघडायला हवं. उलट टपाली दीड पानाचं उत्तर आलं. डिझाइन कसं योग्य आहे, त्यामागे किती विचार झाला आहे, वगैरे. फाइलचा पत्ता त्यात कुठेच नाही. पोरगं हवालदिल. म्हणालं, 'मी तर साधी शंका विचारली होती!'

गोम त्या 'विचारली'मध्ये आहे. मराठीत शंका एकच, पण क्रियापद बदललं की तिचा स्वभाव बदलतो. शंका विचारली तर तो प्रश्न. एखाद्याच्या हेतूवर शंका घेतली तर अविश्वास. 'मला शंका आली म्हणून कपाट उघडून पाहिलं' म्हटलं की भलतंच काहीतरी शिजतंय असा वास लागलेला असतो. इंग्रजीत या तीन जागी तीन वेगळे शब्द बसतात: क्वेश्चन, डाउट आणि सस्पेक्ट. आपण 'डाउट म्हणजे शंका' असं वहीत लिहून पाठ करतो आणि तिन्हीकडे तोच वापरतो. डाउटचा गाभा 'हे खरं नसावं किंवा होणार नाही असं वाटणं' हा आहे. त्यामुळे क्लायंटच्या कानावर पडलं ते 'तुमचं डिझाइन मला काही धड वाटत नाही'.

'संशय'ने तर गोंधळात भरच घातली आहे. पेपरातली कोर्टाची बातमी आठवा: 'संशयिताला संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडले.' यातला संशयित म्हणजे सस्पेक्ट आणि फायदा मिळाला तो डाउटचा. म्हणजे एकाच वाक्यात पोलिसांचा संशय त्याच्या विरुद्ध आणि न्यायाधीशांचा संशय त्याच्या बाजूने! संदर्भ माहीत असल्यामुळे आपण अडखळत नाही, पण इंग्रजीत अदलाबदल केली तर अर्थ उलटा होतो.

मी वापरतो ती खूण सांगतो. डाउट 'नाही'कडे झुकतो, सस्पेक्ट 'हो'कडे. 'आय डाउट ही स्टोल इट' म्हणजे त्याने चोरलं नसावं. 'आय सस्पेक्ट ही स्टोल इट' म्हणजे त्यानेच चोरलं असावं. बघा, इथे शंका-संशय हे शब्द लागलेच नाहीत. 'नसावं' आणि 'असावं' यांनीच काम भागलं. शब्दाला शब्द जोडण्यापेक्षा अख्खं वाक्य आपल्या भाषेत कसं उतरतं ते पाहिलं की अर्थ पक्का बसतो.

म्हणूनच शब्दसंग्रह वाढवायचा तर इंग्रजी-मराठी कोशाबरोबर शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोशही उघडावा, असं माझं मत आहे. 'आधीच एक शब्द येत नाही, त्याच्या व्याख्येत आणखी चार नवे' ही तक्रार खरी, पण तिचं उत्तर जुनं आहे. मायकेल वेस्ट हे ढाक्याला शिक्षण खात्यात होते आणि बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला शिकवण्याच्या खटपटीतून त्यांचं काम उभं राहिलं. त्यांच्या १९३५च्या कोशात सगळे अर्थ फक्त १४९० सोप्या शब्दांत समजावले आहेत. १९८७च्या कोबिल्ड कोशाने आणखी पुढची पायरी गाठली. त्यात व्याख्याच पूर्ण वाक्यात असते, 'तुम्ही अमुक गोष्ट डाउट करता, तेव्हा तुम्हाला असं असं वाटतं' या थाटाची. कोण, कशाबद्दल, कोणत्या भावनेने, सगळं एका दमात कळतं. माझ्यासारख्या रट्टामारांना हे फार उशिरा सापडलं.

प्रतिसाद: छान विषय. व्युत्पत्तीची थोडी भर घालतो. डाउटच्या मुळाशी लॅटिन 'दुबितारे' आहे आणि त्यात 'दोन' दडलेले आहेत. मन दोन्हीकडे ओढलं जाणं, म्हणजे आपली द्विधा मनःस्थितीच. फ्रेंचमधून इंग्रजीत येईपर्यंत त्यातला 'बी' झडला होता. नंतरच्या पंडितांनी लॅटिनच्या प्रेमापोटी तो स्पेलिंगमध्ये परत घुसवला, उच्चारात मात्र कुणी घेतला नाही. स्पेलिंग टेस्टमध्ये मार खाल्लेल्यांनी राग कुणावर काढायचा ते ठरवा. सस्पेक्टमधलं 'स्पेक्ट' म्हणजे पाहणं. संस्कृतातला 'स्पश्' हा धातू त्याचा भाऊबंद आणि त्यापासूनच आपला 'स्पष्ट'. खालून तिरकं पाहिलं तर सस्पेक्ट, सरळ दिसलं तर स्पष्ट!

आणखी एक योगायोग: संस्कृतात शंकेचा एक अर्थ भीती असाही आहे आणि मध्ययुगीन इंग्रजीत डाउटचाही होता. 'रिडाउटेबल', म्हणजे धाक वाटावा असा, या शब्दात तो अजून जिवंत आहे.

प्रतिसाद: 'नो डाउट'चं काय? मी ते बिनदिक्कत 'निःसंशय' म्हणून वापरते.

मूळ लेखक: ताई, तिथेही पाय घसरतो. 'यू आर नो डाउट टायर्ड' म्हणजे 'तुम्ही दमला असालच'. हा अंदाज झाला, ग्वाही नाही. ठासून सांगायचं तर 'अनडाउटेडली' किंवा 'विदाउट अ डाउट'. गंमत अशी की संशय नाही म्हणता म्हणता 'नो डाउट'मध्ये थोडा संशय शिरलाच. उलट काही ठिकाणी आपली मराठी जास्त नेमकी आहे. 'सस्पिशस मॅन' म्हणजे बायकोचा फोन तपासणारा, की एटीएमबाहेर उगाच घुटमळणारा? इंग्रजीत दोन्ही. आपल्याकडे पहिला संशयी आणि दुसरा संशयास्पद.

प्रतिसाद: मला हा सगळा खटाटोप पटत नाही. शाळेत बाई 'एनी डाउट्स?' विचारतात, क्लासवाले 'डाउट सॉल्व्हिंग'च्या जाहिराती करतात, कोट्यवधी लोकांना कळतं. मग ते भारतीय इंग्रजीच झालं ना? दर वेळी गोऱ्यांच्या कोशाकडे कशाला धावायचं?

मूळ लेखक: वर्गात खुशाल म्हणा, मीही म्हणतो. आणि आपण एकटे नाही. स्पॅनिश बोलणारेही नेमकं हेच करतात, कारण त्यांच्या 'दुदा'मध्ये प्रश्न आणि शंका दोन्ही मावतात. पण मेल ज्याला जाणार त्याच्या डोक्यात कोणता अर्थ उघडेल हे आपल्याला ठाऊक हवं. तो मुलगा आता सरळ 'आय हॅव अ फ्यू क्वेश्चन्स' लिहितो. फाइलचा पत्ता पुढच्या मेलमध्येच मिळाला.

प्रतिसाद: सगळं समजलं. फक्त लघुशंका कोणत्या खान्यात टाकायची?

मूळ लेखक: ती ना विचारायची ना घ्यायची. करंगळी वर केली की बाई सोडतात.